कन्सोलच्या पैशांत गेमिंग पीसी: तपकीर गल्लीपासून पहिल्या डिस्प्लेपर्यंत

२०२४ च्या दिवाळीआधी बहिणीचा फोन आला. ओंकार अकरावीत गेला होता आणि दहावीच्या मार्कांचं बक्षीस म्हणून त्याला पीएस ५ हा सोनीचा गेमिंग कन्सोल हवा होता. बहिणीचं म्हणणं, एवढे पैसे घालायचेच तर ज्यावर त्याचा अभ्यासही होईल असं काहीतरी घेऊ. ओंकारचं म्हणणं, "मामा, लॅपटॉपवर गेम नीट चालत नाहीत, तू आईला सांग." दोघांचंही बरोबर होतं. शेवटी कन्सोलच्या किमतीत असेंबल्ड पीसी करायचं ठरलं. भाग त्यानं निवडायचे, मी फक्त चुका दाखवायच्या आणि जोडणी दोघांनी मिळून करायची. कोथरूडच्या त्यांच्या घरात जेवणाच्या टेबलावर आम्ही तो पीसी जोडला. तेव्हापासून ओळखीतल्या चार-पाच जणांनी "आम्हालाही सांग" म्हटलं, म्हणून सगळं एकदा सविस्तर लिहितो.

पीसी खरंच हवाय का?

आधी कन्सोलची बाजू मांडतो, कारण ती भक्कम आहे. पीएस ५ भारतात फेब्रुवारी २०२१ मध्ये ४९,९९० रुपयांना आला. आम्ही खरेदी करत होतो तेव्हा डिस्कवाल्या स्लिम मॉडेलची छापील किंमत ५४,९९० होती. त्यात आठ कोअरचा (एकाच वेळी काम करणारे आठ भाग असलेला) झेन २ प्रोसेसर आणि ग्राफिक्ससाठी आरडीएनए २ पिढीची ३६ कंप्युट युनिट्स, म्हणजे चित्र तयार करणारे गट, आहेत. आम्ही पीसीत घातलेलं रेडिऑन आरएक्स ६६०० हे कार्ड त्याच पिढीचं, पण त्यात युनिट्स २८. म्हणजे नुसत्या ताकदीत कन्सोल पुढे आहे. सोनी लाखोंनी एकच यंत्र बनवते आणि पैसे गेम विकून कमावते, त्यामुळे तेवढ्या किमतीत तेवढी ताकद सुट्या भागांतून उभी राहत नाही. घरात मोठा फोर-के टीव्ही असेल, सोफ्यावर बसून खेळायचं असेल आणि अभ्यासाला वेगळा लॅपटॉप असेल, तर निःशंकपणे कन्सोल घ्या. पुढचं वाचायची गरज नाही.

पीसीची बाजू खरेदीच्या दिवसानंतर सुरू होते. पीएस ५ वर सोनीचे स्वतःचे नवे मोठे गेम तेव्हा ४,९९९ रुपयांना मिळत होते आणि विकतचे गेम ऑनलाइन खेळायला पीएस प्लसची वर्गणी लागते. पीसीवर अशी वर्गणी नाही. स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात २०१५ पासून किमती रुपयांत आहेत, पैसे यूपीआयने भरता येतात, जूनअखेर आणि डिसेंबरअखेर मोठे सेल लागतात. गेम आवडला नाही तर १४ दिवसांच्या आत, दोन तासांपेक्षा कमी खेळला असल्यास पैसे परत मिळतात. एपिक स्टोअर दर गुरुवारी एखादा गेम फुकट देतं. काउंटर-स्ट्राइक २, व्हॅलोरंट, डोटा २ मुळातच फुकट आहेत. शिवाय त्याच यंत्रावर पायथन, ऑटोकॅड, व्हिडिओ एडिटिंग, प्रोजेक्ट रिपोर्ट. आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की पीसी तुकड्या-तुकड्यांनी वाढवता येतो. तीन वर्षांनी ग्राफिक कार्ड बदललं की बाकीचं तेच राहतं. म्हणून पुढचा प्रत्येक भाग निवडताना मी एकच प्रश्न विचारत गेलो: हा भाग पुढच्या बदलाला जागा ठेवतो की वाट अडवतो?

बिल

आमचं त्या दिवाळीतलं पक्कं बिल असं होतं: रायझन ५ ५६०० प्रोसेसर १०,८००, बी४५० मदरबोर्ड (सगळे भाग ज्यावर बसतात तो) ६,४००, १६ जीबी डीडीआर४ रॅम ३,२००, १ टीबी एनव्हीएमई एसएसडी (फाइल आणि गेम साठवायला) ५,२००, आरएक्स ६६०० ग्राफिक कार्ड २०,५००, ५५० वॉटचा ब्राँझ रेटिंगचा एसएमपीएस (सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा) ४,२०० आणि तीन पंख्यांचं कॅबिनेट ३,२००. एकूण ५३,५०० रुपये.

इथे बरेच जण थांबतात आणि "बघा, कन्सोलपेक्षा स्वस्त" म्हणतात. ते खरं नाही. कन्सोल घरातल्या टीव्हीला लागतो आणि सोबत कंट्रोलर येतो. आम्हाला २४ इंची १०८० पी (फुल एचडी) मॉनिटरला ९,५०० आणि कीबोर्ड-माउसला १,४०० आणखी द्यावे लागले. झाले ६४,४००. दुसऱ्या पारड्यात पीएस ५ आणि त्याचे दोन नवे गेम ठेवले तर ६४,९८८ होतात. म्हणजे दुसऱ्या गेमला दोन्ही पारडी बरोबरीत येतात आणि तिथून पुढे पीसीचा फायदा. घरात एचडीएमआयचा टीव्ही असेल तर पहिले काही महिने त्यावरच भागवा, फक्त टीव्हीच्या सेटिंगमध्ये गेम मोड लावा. नाहीतर माउस हलवल्यावर चित्र मागून येत राहतं.

हे आकडे आजचे भाव समजू नका. २०२५ च्या शेवटच्या महिन्यांत रॅमचे भाव भडकले. एआयच्या डेटा सेंटरसाठी लागणाऱ्या मेमरीकडे कारखान्यांनी आपली क्षमता वळवली आणि घरगुती रॅम दुपटीहून महाग झाली. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये क्रूशियल हा ग्राहकांसाठीचा ब्रँडच आवरता घेत असल्याचं जाहीर केलं. त्यामुळे रुपयांपेक्षा प्रमाण लक्षात ठेवा. आमच्या ५३,५०० पैकी सुमारे ३८ टक्के ग्राफिक कार्डावर गेले. हा वाटा ३५ ते ४० टक्के राहू द्या. तो ओढाताणीत २० टक्क्यांवर आला असेल तर तुम्ही दिसायला छान पण गेमला कमजोर पीसी घेताय.

भाग निवडताना

ग्राफिक कार्ड. सगळ्यात जास्त फसवणूक इथेच होते, आणि ती "किती जीबी?" या प्रश्नाने होते. "४ जीबी ग्राफिक कार्ड" म्हणून आजही जीटी ७३० गळ्यात मारलं जातं. ते २०१४ चं कार्ड आहे. जास्तीचा मॉनिटर जोडायला ठीक, गेमिंगला नाही. जीबी म्हणजे गोदामाची जागा. माल उचलणारे हात किती, ते मॉडेलवरून कळतं. आरटीएक्स ३०५० नावाची दोन वेगळी कार्डं बाजारात आहेत, ८ जीबीचं आणि ६ जीबीचं. ६ जीबीवाल्यात नुसती मेमरीच कमी नाही, चिपही कमी ताकदीची आहे. तसंच आरएक्स ६५०० एक्सटी: ते मदरबोर्डशी चारच लेनने (डेटाच्या वाटांनी) बोलतं, त्यामुळे जुन्या, हळू पीसीआय ३ खाचेच्या बोर्डावर जास्त अडखळतं. १०८० पी वर खेळायचं असेल तर आरएक्स ६६०० ही माझी किमान पातळी. थोडे पैसे जास्त असतील तर आरटीएक्स ४०६० बघा, किंवा इंटेलचं १२ जीबीचं आर्क बी५८० घ्या, मात्र त्याला बायोसमध्ये (मदरबोर्डाच्या अंगच्या सेटिंगमध्ये) रिसायझेबल बार, म्हणजे प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय, चालू असणं जवळपास सक्तीचंच समजा.

प्रोसेसर. रायझन ५ ५६०० मध्ये सहा कोअर, बारा थ्रेड आणि सोबत कंपनीचा कूलर मिळतो. शेजारीच ५६००जी आणि ५५०० ठेवलेले असतात. दोन्हींत कॅश (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) ५६०० च्या निम्मी, ३२ ऐवजी १६ एमबी, आणि पीसीआय ४ ऐवजी ३. मात्र ५६००जी मध्ये अंगचं ग्राफिक्स आहे. आज बजेट फारच कमी असेल तर सध्या ५६००जी वर हलके गेम खेळायचे आणि वर्षभराने कार्ड घ्यायचं, हा मार्ग चांगला आहे. इंटेलमध्ये आय३-१२१००एफ आणि आय५-१२४००एफ याच पंगतीतले. शेवटी "एफ" असलेल्या प्रोसेसरला अंगचं ग्राफिक्स नसतं, म्हणजे कार्डाशिवाय डिस्प्ले येणारच नाही. रायझन ५६०० चंही तसंच.

एक कळकळीची सूचना. "आय७ गेमिंग पीसी, फक्त १८ हजार" अशी पाटी दिसली तर पिढी विचारा. बहुतेक वेळा तो तिसऱ्या पिढीचा आय७-३७७० निघतो, २०१२ चा. आजचा चार कोअरचा आय३-१२१०० त्याला सहज मागे टाकतो, आणि त्या जुन्या आय७ वर विंडोज ११ अधिकृतपणे चालतच नाही.

मदरबोर्ड. पैसे वाचवायला आम्ही बी४५० घेतला. त्यात दोन गोष्टी सोडाव्या लागल्या: कार्ड पीसीआय ३ वर चालतं, पण आरएक्स ६६०० ला त्याने फारसा फरक पडत नाही, आणि एसएसडीही त्याच वेगाची पुरते. मिळालं ते असं की एएम४ सॉकेटमध्ये (प्रोसेसर बसतो त्या खाचेत) पुढे ५८००एक्स३डी सारखा तगडा प्रोसेसर बसवता येतो. बोर्डावर रॅमच्या चार खाचा असलेला घ्या. आणि दुकानदाराला विचारा, बायोस रायझन ५००० सीरिजसाठी अपडेट आहे का? जुना बोर्ड कपाटात पडून राहिलेला असेल तर तो नवा प्रोसेसर ओळखत नाही. आमच्या दुकानदाराने काउंटरवरच अपडेट करून दिला. दहा मिनिटांचं काम, पण ते घरी आल्यावर कळलं असतं तर सबंध दिवस गेला असता.

रॅम १६ जीबी, आणि ती ८ जीबीच्या दोन पट्ट्यांत. एकाच १६ च्या पट्टीने दोन्ही चॅनल वापरले जात नाहीत आणि गेममध्ये ते जाणवतं. ३२०० चा वेग पुरे. सध्याच्या भावात जुनी डीडीआर४ रॅम घ्यायला मी कचरणार नाही. रॅम सहसा झिजत नाही आणि घरी तपासता येते.

एसएमपीएसवर पैसे वाचवू नका

२०१८ मध्ये मी माझ्यासाठी पीसी केला तेव्हा कॅबिनेटसोबत फुकट आलेला एसएमपीएस वापरला होता. वर ५०० वॉट छापलेलं होतं, वजनाला मात्र तो हातात जाणवतही नव्हता. पाच-सहा महिन्यांनी एका गुरुवारी दुपारी लाइट आली आणि टेबलाखालून फट्ट असा आवाज झाला. जळका वास सुटला. एसएमपीएस गेलाच, जाताना मदरबोर्ड आणि हार्ड डिस्क घेऊन गेला. त्या डिस्कवर आईच्या साठीचे फोटो होते. ते परत मिळाले नाहीत. तेव्हापासून या एका भागाबाबत मी कुणाचं ऐकत नाही.

पुण्यात देखभालीसाठी महावितरण गुरुवारी वीज बंद ठेवतं हे आपल्याला पाठ आहे. लाइट जाते त्यापेक्षा ती परत येते तो क्षण यंत्रांना जड जातो. म्हणून एसएमपीएस नावाजलेल्या कंपनीचा, ८० प्लस ब्राँझ रेटिंगचा आणि निदान तीन, शक्यतो पाच वर्षांच्या वॉरंटीचा घ्या. वॉट किती? ५६०० जास्तीत जास्त ७६ वॉट ओढतो, आरएक्स ६६०० चं रेटिंग १३२ वॉट. पंखे, बोर्ड, एसएसडी धरून गेम चालू असताना सगळा पीसी साधारण २५० च्या आत राहतो. मग ५५० कशाला? पुढच्या कार्डासाठी जागा म्हणून, आणि अर्ध्या लोडवर एसएमपीएस थंड आणि शांत चालतो म्हणून. विजेच्या बिलाची काळजी करणाऱ्यांसाठी: २५० वॉटने रोज तीन तास खेळलं तर महिन्याला साडेबावीस युनिट.

यूपीएस घ्यायचा झाला तर १ केव्हीएचा घ्या. साध्या ६०० व्हीएच्या यूपीएसवर जेमतेम ३६० वॉट मिळतात. मॉनिटर जोडून ऐन गेममध्ये लाइट गेली की तो चटकन मान टाकतो.

आणि अर्थिंग. पेठांतल्या जुन्या इमारतीत, वाड्यातल्या खोलीत किंवा भाड्याच्या रूममध्ये तीन पिनचं सॉकेट असतं, पण तिसऱ्या भोकामागे वायरच नसते. कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात त्या यामुळेच. भाग आणायच्या आधी वायरमनला बोलावून ते एक सॉकेट तपासून घ्या.

तपकीर गल्लीत

बुधवार पेठेत दुचाकी लावायला जागा शोधण्यात अर्धा तास घालवू नका. मेट्रोने मंडईला उतरा. हे स्थानक सप्टेंबर २०२४ अखेर सुरू झालं, आणि आम्हाला त्या दिवाळीत त्याचा फारच उपयोग झाला. तिथून चालत तपकीर गल्ली, पुण्यातला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार. केबल, अ‍ॅडॉप्टर, पंखे, एक्स्टेन्शन बोर्ड अशा वस्तूंना या गल्लीला पर्याय नाही, कारण हातात घेऊन, लावून बघता येतं. मोठ्या भागांसाठी मात्र निदान तीन दुकानांतून लेखी कोटेशन घ्या आणि त्याच दिवशीचे ऑनलाइन भाव फोनवर उघडे ठेवा. कोटेशनमध्ये "गेमिंग एसएमपीएस", "८ जीबी कार्ड" असं मोघम चालवून घेऊ नका. कंपनी आणि पूर्ण मॉडेल नंबर लिहून मागा. मागितल्यावर दुकानदाराच्या कपाळाला आठी पडली तर पुढचं दुकान बघा.

कच्च्या बिलावर थोडे पैसे कमी करतो असं सांगणारे भेटतील. घेऊ नका. जीएसटीच्या पक्क्या बिलावर प्रत्येक भागाचा सीरियल नंबर लिहून घ्या. तीच तुमची वॉरंटी. प्रोसेसर सीलबंद बॉक्सचाच मागा. सुटा, ट्रेमधला प्रोसेसर थोडा स्वस्त असतो, पण त्याची जबाबदारी कंपनीकडे नसून विकणाऱ्याकडे असते.

जुन्या कार्डाचा मोह पडणं साहजिक आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाचं मायनिंग (कार्डांकडून गणितं करवून ते कमावणं) बंद झालं आणि दिवसरात्र राबलेली कार्डं बाजारात ओतली गेली. त्यातली काही उत्तम चालतात. पण कार्ड विकणाऱ्याच्या घरी, चालू पीसीत बघा. जीपीयू-झेड हे कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर उघडून मॉडेल जुळतंय का पाहा. आरएक्स ५८० म्हणून विकलं जाणारं कार्ड पुष्कळदा "५८० २०४८एसपी" निघतं, म्हणजे प्रत्यक्षात ५७० च. मग कार्डावर पूर्ण ताण देणारं फरमार्क पंधरा मिनिटं चालवा, पंख्याचा आवाज ऐका, पडद्यावर ठिपके किंवा रेघा दिसतात का बघा. बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारातून कीबोर्ड, स्पीकर किंवा कॅबिनेट आणलं तर माझी हरकत नाही. एसएमपीएस आणि एसएसडी तिथून नको.

बजेट ३० हजारांच्या आत असेल तर आणखी एक रस्ता आहे. आयटी कंपन्यांमधून निघालेले ब्रँडेड ऑफिस डेस्कटॉप पुण्यात भरपूर मिळतात. आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा आय५ असलेला घ्या आणि त्यात वेगळी पॉवर केबल न लागणारं, ७० वॉटचं आरटीएक्स ३०५० ६ जीबी बसवा. वर ज्या कार्डाला नावं ठेवली तेच इथे बरोबर बसतं, कारण या डेस्कटॉपचा एसएमपीएस लहान आणि खास आकाराचा असतो, तो बदलता येत नाही. कॅबिनेट बुटकं असेल तर कार्डही कमी उंचीचं लागेल, तेवढं मोजून जा.

जोडणी

एक मध्यम आकाराचा स्टार स्क्रू ड्रायव्हर, शक्यतो टोकाला चुंबक असलेला, एक वाटी स्क्रूंसाठी आणि तीन तास. सतरंजी किंवा गालिच्यावर बसू नका. हिवाळ्यात पुण्याची हवा कोरडी असते तेव्हा स्वेटर काढून सुती शर्टावर बसा, आणि प्रत्येक भाग उचलण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावा. अंगातली स्थिर वीज निघून जाते.

मदरबोर्ड त्याच्याच खोक्यावर ठेवा. सॉकेटशेजारची तार उचला. प्रोसेसरच्या कोपऱ्यावरचा सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवा आणि प्रोसेसर अलगद सोडा. तो आपल्या वजनाने बसतो. बसत नसेल तर दाबायचं नाही, उचलून पुन्हा दिशा बघायची. एएम४ मध्ये पिना प्रोसेसरच्या पोटाला असतात, इंटेलमध्ये सॉकेटमध्ये. दोन्हीकडे एक पिन वाकली तरी सगळं थांबतं. मग तार खाली.

रॅम प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत घाला. दोन्ही टोकांना "कट्" असा आवाज येईपर्यंत दाबा. इथे मात्र जोर लागतो. एसएसडी तिरपी सरकवा, आडवी करून छोट्या स्क्रूने बसवा. वर हीटसिंक असेल तर त्याखालच्या पट्टीवरचं प्लास्टिक सोलायला विसरू नका.

कूलरपाशी सगळे अडतात. रायझनसोबतचा छोटा कूलर स्क्रूने बसतो, त्यासाठी बोर्डावरच्या दोन प्लास्टिकच्या पट्ट्या काढाव्या लागतात. त्या काढल्या की मागची धातूची पाटी सुटून खाली पडते आणि माणूस गोंधळतो. म्हणून ओंकारला बोर्ड उभा धरून मागून पाटीला बोट लावायला सांगितलं आणि समोरून मी कूलर ठेवला. कूलरच्या तळाला पेस्ट आधीच लावलेली असते. तिला बोट लागू देऊ नका. चारही स्क्रू थोडे थोडे, समोरासमोरच्या कोपऱ्यांच्या जोडीने आवळा. एकच स्क्रू पूर्ण आवळला तर कूलर एका बाजूला कलतो. पंख्याची वायर "सीपीयू फॅन" लिहिलेल्या पिनांवर. पुढे कधी हा कूलर काढायची वेळ आली तर आधी पीसी दहा मिनिटं चालवून गरम करा, बंद करा आणि कूलर फिरवत काढा. थंड असताना सरळ ओढला तर चिकटलेला प्रोसेसर पिनांसकट उपटून येतो.

आता कॅबिनेटमध्ये घालायची घाई न करता बोर्ड खोक्यावरच चालवून बघा. एसएमपीएसची २४ पिनांची आणि प्रोसेसरची ८ पिनांची केबल लावा, कार्ड खाचेत बसवून त्याला आधार द्या, त्याची केबल लावा. प्रोसेसरची ८ पिनांची केबल आणि कार्डाची ६+२ पिनांची केबल सारखी दिसतात, पण वायरिंग वेगळं असतं. एकीवर सीपीयू आणि दुसरीवर पीसीआयई लिहिलेलं असतं, ते वाचूनच लावा. मॉनिटर कार्डाला जोडा आणि बोर्डावरच्या "पॉवर स्विच"च्या दोन पिना स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर एकत्र टेकवा.

आमचे पंखे फिरले आणि पडदा काळाच राहिला. ओंकारचा चेहरा पडला. बोर्डावर "डीरॅम" शेजारचा लहान दिवा पेटलेला होता, म्हणजे रोख रॅमकडे. बटण बंद करून पट्ट्या काढल्या, पुन्हा घातल्या, या वेळी दुसरा "कट्" ऐकू आला. डिस्प्ले आला. नवीन पीसीला डिस्प्ले येत नाही तेव्हा कारण बहुतेकदा इतकंच साधं असतं: रॅम अर्धवट बसलेली, प्रोसेसरची केबल विसरलेली, किंवा मॉनिटरची वायर कार्डाऐवजी बोर्डात खोचलेली. हे तिन्ही बघितल्याशिवाय दुकानात फोन करू नका.

मग सगळं कॅबिनेटमध्ये. कॅबिनेटच्या पत्र्यावरचे पितळी स्टँड बोर्डाच्या भोकांखालीच आहेत ना, ते आधी मोजा. चुकीच्या जागी राहिलेला एक स्टँड बोर्ड शॉर्ट करू शकतो. मागची आयओ पट्टी (यूएसबी, ऑडिओच्या खाचांभोवतीची) वेगळी असेल तर ती बोर्डाच्या आधी बसवायची. पुढच्या बटणांच्या बारीक वायरी कार्ड बसवायच्या आधी लावा, नंतर बोटं शिरत नाहीत. स्विचच्या वायरींना उलट-सुलट नसतं, दिव्यांच्या वायरींना असतं. पुढच्या यूएसबी ३ ची जाड केबल सरळ धरून दाबा, तिच्या पिना फार लवकर वाकतात. पुढचे पंखे हवा आत घेणारे, मागचा बाहेर टाकणारा; पंख्याची जाळीदार चौकट ज्या बाजूला, त्या बाजूने हवा बाहेर पडते. शेवटी कार्ड, त्याचे दोन स्क्रू, त्याची केबल.

बायोस, विंडोज आणि विसरली जाणारी सेटिंग

चालू करताना डिलीट दाबत राहा, बायोस उघडेल. एक्सएमपी किंवा डीओसीपी, म्हणजे रॅमला तिच्या पूर्ण वेगाने चालवणारं सेटिंग, चालू करा. नाहीतर ३२०० ची म्हणून घेतलेली रॅम बऱ्याचदा २६६६ किंवा त्याहूनही हळू चालत राहते. रिसायझेबल बार चालू करा, सीएसएम (जुन्या पद्धतीने सुरू होण्याची सोय) बंद करा, एफटीपीएम (प्रोसेसरमधलं टीपीएम, म्हणजे सुरक्षेचं कुलूप) आणि सिक्युअर बूट चालू ठेवा. विंडोज ११ वर व्हॅलोरंटला टीपीएम आणि सिक्युअर बूट लागतातच. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा नव्या पीसीत ते टाकू नका.

निदान ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून विंडोज ११ उतरवा. इन्स्टॉल होताना इंटरनेट मागेल. वाय-फाय ओळखलं नाही तर फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग करा. लायसन्सचे पैसे नसतील तर बॅझाइटसारखं लिनक्स फुकट आहे आणि स्टीमच्या प्रोटॉनमुळे त्यावर असंख्य विंडोज गेम चालतात. मात्र व्हॅलोरंट, फोर्टनाइट असे काही गेम चालत नाहीत. ओंकारचे मित्र व्हॅलोरंट खेळतात, त्यामुळे आमचा प्रश्न तिथेच मिटला.

मग चिपसेटचा आणि ग्राफिक्सचा ड्रायव्हर एएमडीच्या साइटवरून. आणि डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन मॉनिटरचा रिफ्रेश रेट (सेकंदाला किती वेळा चित्र बदलतं ते) बघा. १४४ हर्ट्झचा मॉनिटर घेऊन महिनोन्‌महिने ६० वर खेळणारी मुलं मी पाहिली आहेत.

त्या रात्री रॅम तपासणारं मेमटेस्ट८६ लावून ठेवा. सकाळी एकही चूक दिसता कामा नये. दिसली तर रॅम बदलून घ्या, अजून नवी आहे तोवर. मग तापमान दाखवणारं एचडब्ल्यूइन्फो उघडून तासभर एखादा जड गेम खेळा. ५६०० ची कमाल मर्यादा ९० अंश आहे. ७५-८० दिसलं तर घाबरू नका. सतत ८८-९० दिसत असेल तर कूलर नीट बसलेला नाही.

गेमच्या सेटिंगमध्ये टेक्श्चर हाय ठेवा, ८ जीबीत बसतात. शॅडो मीडियम, रे ट्रेसिंग बंद. एफएसआर क्वालिटीवर लावलं की १०८० पी चं चित्र आतून ७२० पी वर बनतं आणि मोठं केलं जातं. फ्रेम वाढतात पण बारीक जाळ्या, गवत थोडं धूसर होतं. म्हणून आधी शॅडो कमी करून बघा, एफएसआर नंतर.

एप्रिल उजाडण्याआधी

पुण्यात पारा चाळीशीला पोचतो आणि शेजारी कुठे ना कुठे बांधकाम चालू असतं. कॅबिनेट जमिनीवर ठेवू नका आणि टेबलाच्या बंद कप्प्यात तर मुळीच नको. मागे वीतभर जागा सोडा. पुढची आणि खालची जाळी दर महिन्याला काढून धुवा, पूर्ण वाळवा, मग लावा. आतली धूळ ब्लोअरने उडवताना पंख्याच्या पात्याला बोटाने धरून ठेवा, हवेच्या जोराने तो भरधाव फिरला तर खराब होतो. ओंकारकडे हे काम खंडेनवमीला ठरलेलं आहे. घरातल्या बाकीच्या हत्यारांबरोबर पीसीही उघडून पुसला जातो, मगच झेंडू.

सगळ्या भागांची खोकी माळ्यावर ठेवा, निदान ग्राफिक कार्डाचं आणि मदरबोर्डाचं तरी. वॉरंटीला पाठवताना आणि पुढे विकताना तीच लागतात. बिल थर्मल कागदावरचं असेल तर त्याच दिवशी झेरॉक्स काढा, कारण वर्षभरात त्यावरची अक्षरं उडतात. प्रत्येक भागावरच्या सीरियल नंबरच्या स्टिकरचा फोटो जोडणीआधीच काढा, कार्ड एकदा आत बसलं की तो स्टिकर दिसत नाही. आमचे ते सगळे फोटो आणि बिल बहिणीच्या फोनमध्ये आहेत, "ओंकार पीसी" नावाच्या फोल्डरमध्ये.